शेवाळावरची नवी यंत्रणा पारखताना: आधी स्फुरदाचा जमाखर्च मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे १०० हेक्टरचा, सरासरी ४ मीटर खोलीचा एक तलाव. पिण्याचं पाणी तिथूनच उचललं जातं, आणि उन्हाळा आला की निळं-हिरवं शेवाळ माजतं. तांत्रिक समितीपुढे चार प्रस्ताव आहेत: अल्ट्रासाउंडचे तरंगते बोये, ‘९० टक्के स्फुरद (फॉस्फरस) काढणारं’ गाळणयंत्र, लँथनम हा धातू मिसळलेली माती पाण्यात पसरणं, आणि उपयुक्त जिवाणूंचे गोळे. प्रत्येकाने आधीचे-नंतरचे फोटो जोडलेत. एक कंपनी तलावाच्या एका कोपऱ्यात सहा आठवडे फुकट प्रात्यक्षिक द्यायला तयार आहे. निवड कशी करायची, आणि त्या प्रात्यक्षिकावर किती विसंबायचं, हे तुम्ही विचारलंय. शिवाय येत्या उन्हाळ्यात लोकांच्या पाण्याचं काय करायचं, हेही.

गेली बावीस वर्षं मी तलाव आणि जलाशयांच्या पाण्यावर काम करतोय. पहिली विनंती ही की, चारही प्रस्ताव काही दिवस बाजूला ठेवा आणि तुमच्या तलावातल्या स्फुरदाचा जमाखर्च कागदावर मांडा. तो नसेल तर कुठल्याही यंत्राचं मूल्यमापन करता येत नाही. खिशातून महिन्याला किती पैसे जातात हे ठाऊक नसताना ‘ही योजना तुमचे पैसे वाचवेल’ यावर मान डोलावण्यासारखंच ते होईल.

जमेच्या बाजूला काय काय येतं? नदी-ओढ्यांतून येणारं, सांडपाण्यातून येणारं, पावसाबरोबर शेतांतून वाहून येणारं आणि तळाच्या गाळातून सुटणारं स्फुरद. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात. खर्चाच्या बाजूला सांडव्यावरून बाहेर पडणारं आणि गाळात बसणारं. उरतं ती पाण्यातली शिल्लक. तुम्ही कळवलेल्या मापांवरून शिल्लक काढू. १०० हेक्टर गुणिले ४ मीटर म्हणजे ४० लाख घनमीटर पाणी. एकूण स्फुरद समजा लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे घनमीटरमागे ०.१ ग्रॅम. एकूण ४०० किलो. एवढा मोठा तलाव हिरवा करायला चारशे किलो पुरतात, कारण शेवाळाला स्फुरद फार थोडं लागतं. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या शरीरात स्फुरदाच्या एका अणूमागे साधारण १६ अणू नत्राचे (नायट्रोजनचे) आणि १०६ कार्बनचे असतात. एक किलो स्फुरद मिळालं की वाळलेल्या वजनात शंभरेक किलो शेवाळ उभं राहतं.

आता आवक. समजा बाहेरून वर्षाला १,२०० किलो येतं. गाळाचा हिशोब असा: उन्हाळ्यात तळाच्या निम्म्या भागात, म्हणजे ५० हेक्टरांत, साठ दिवस प्राणवायू संपलेला असतो आणि तिथून चौरस मीटरमागे दिवसाला १० मिलिग्रॅम स्फुरद सुटतं. झाले ३०० किलो. बाहेरच्या आवकेच्या मानाने हे कमी वाटेल, पण ते येतं नेमकं उन्हाळ्यात, विरघळलेल्या रूपात, शेवाळाच्या तोंडाशी. गाळात लोहाला चिकटून बसलेलं स्फुरद प्राणवायू संपला की सुटतं, हे संशोधक मॉर्टिमर यांनी १९४१ सालीच दाखवलं होतं. तरी आजही मला अशी निविदा क्वचितच दिसते जिच्यात तळाशी प्राणवायू किती आणि किती दिवस नाही, हे मोजलेलं असतं.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्हाला मोजावे लागतील. आणि मोजताना एक चूक टाळा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, कोरड्या दिवशी ओढ्याचा नमुना घेतला तर वर्षाची आवक फसवी कमी दिसते. बहुतांश स्फुरद पुराच्या मोजक्या दिवसांत येतं. त्या दिवशी पाणी गढूळ, काठ निसरडा, आणि माणसं घरी. म्हणून ओढ्यावर आपोआप नमुने घेणारं यंत्र बसवा आणि पाण्याची पातळी चढली की ते चालू होईल अशी सोय करा. माझ्या मते पहिल्या वर्षीचा खर्च करण्याजोगी सर्वांत चांगली वस्तू हीच, मग ती कितीही नीरस वाटो.

जमाखर्च तयार झाला की गाळणयंत्राचा प्रस्ताव उघडा. यंत्र तासाला १०० घनमीटर पाणी उपसतं. वर्षभर, रात्रंदिवस, एकदाही बंद न पडता चाललं असं धरू. ८ लाख ७६ हजार घनमीटर पाणी झालं. त्यात ०.१ ग्रॅम दराने ८७.६ किलो स्फुरद. त्याचे ९० टक्के म्हणजे ७९ किलो. १,५०० किलोंच्या एकूण आवकेपुढे हे जेमतेम पाच टक्के. कंपनी खोटं बोलत नाही. यंत्रातून गेलेल्या पाण्यातलं ९० टक्के स्फुरद खरंच निघतं. पण तलावाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आता तेच यंत्र सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यावर लावा, जिथे लिटरमागे १ मिलिग्रॅम स्फुरद आहे. तेवढंच पाणी, तेच ९० टक्के, आणि निघतात ७८८ किलो. जागा बदलली आणि फळ दहापट झालं. म्हणून कुठल्याही प्रस्तावाला माझा पहिला प्रश्न टक्क्यांचा नसतो. वर्षाला किती किलो, आणि किलोमागे किती खर्च, हे विचारतो. किलोमागचा खर्च काढताना वीज, रसायनं, माणसं, सुटे भाग आणि निघालेल्या गाळाची विल्हेवाट हे सगळं दहा वर्षांसाठी धरायचं. शेवाळ गोळा करणाऱ्या बोटींचा हिशोब इथेच बसतो. ७९ किलो स्फुरद बाहेर काढायचं तर वाळलेल्या वजनात सुमारे ८ टन शेवाळ काढावं लागेल, आणि ओलं, घट्ट करून ५ टक्के घनतेवर आणलेलं, तर १६० टनांच्या आसपास. ते विषारी असू शकतं. ते कुठे टाकणार, याचं लेखी उत्तर मागा. ‘खत करू’ हे पुरेसं उत्तर नाही.

किलोच्या जोडीला रूपही विचारा. एकूण स्फुरदातलं काही मातीच्या कणांना चिकटलेलं असतं, काही विरघळलेलं. विरघळलेलं स्फुरद शेवाळ लगेच खातं. चिकटलेल्यापैकी बरंचसं तळाला बसतं. वाळूचा फिल्टर किंवा गाळ बसवण्याचं टाकं विरघळलेल्या स्फुरदाला अडवत नाही, तरी ‘एकूण स्फुरद ६० टक्के कमी’ असा अहवाल खुशाल देता येतो. हा फरक किती महाग पडतो ते उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवरावर दिसलं. १९७२च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर सांडपाणी आणि डिटर्जंटमधलं स्फुरद कमी झालं, सरोवर सुधारलं. मग १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ते पुन्हा बिघडत गेलं. नद्यांतून येणारं एकूण स्फुरद फारसं वाढलं नव्हतं, पण त्यातला विरघळलेला वाटा वाढला होता. नांगरट कमी झाल्याने खत मातीच्या वरच्या थरातच साचणं आणि शेताखालच्या निचरा-नळ्यांतून ते थेट बाहेर पडणं, ही त्यामागची मोठी कारणं मानली जातात. ऑगस्ट २०१४मध्ये शेवाळाच्या विषामुळे या सरोवराकाठच्या टोलेडो शहरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. मातीची धूप थांबवण्याचा चांगला उपाय विरघळलेल्या स्फुरदाच्या बाबतीत उलटू शकतो, हे ध्यानात ठेवून पाणलोटातले प्रस्ताव वाचा.

नत्राचं काय, हे कुणीतरी विचारेलच. १९७३ साली कॅनडातल्या ओंटारियोमधल्या ‘तलाव २२६’ या प्रयोगतलावात डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने मधोमध पडदा टाकून एका बाजूला कार्बन आणि नत्र दिलं, दुसऱ्या बाजूला त्या दोन्हींसोबत स्फुरदही. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. त्या विमानातून घेतलेल्या छायाचित्राने धोरणं बदलली. गोड्या पाण्यात स्फुरद हीच मुख्य किल्ली, हे मी आजही मानतो. पण निळ्या-हिरव्या शेवाळातली मायक्रोसिस्टिससारखी जात हवेतलं नत्र बांधू शकत नाही, आणि तिचं विष, मायक्रोसिस्टिन, नत्राने समृद्ध असतं. शिवाय तुमच्या तलावातलं पाणी शेवटी खाडीत, समुद्रात जातं आणि तिथे नत्राचा हिशोब वेगळा होतो. नत्र मोजा, जमल्यास कमी करा, पण त्यासाठी स्फुरदाचं काम थांबवू नका.

आता एकेक प्रस्ताव.

अल्ट्रासाउंडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत पैसे देऊ नका. प्रयोगशाळेत मोठ्या शक्तीच्या ध्वनिलहरींनी पेशींतल्या वायूच्या पिशव्या फुटतात, हे खरं आहे. बाजारातले बोये मात्र कमी शक्तीचे असतात आणि पाण्याचा पसारा प्रचंड. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बाजारातली यंत्रं तपासली तेव्हा निळं-हिरवं शेवाळ त्यांना दाद देईना. उलट एका प्रयोगात डॅफ्निया मेले. हे शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवणारे पिटुकले कवचधारी जीव आहेत. राखणदारच गेला, की पाणी आणखी हिरवं होतं.

जिवाणूंच्या गोळ्यांबद्दलही तेच. नेदरलँड्समध्येच झालेल्या चाचण्यांत शिफारशीच्या मात्रेत या गोळ्यांनी शेवाळाची वाढ रोखली नाही. माती, भुसा आणि मळी वापरून केलेल्या गोळ्यात स्वतःचं स्फुरद असतं, हे विसरू नका. जमाखर्चात तो गोळा जमेच्या बाजूला पडतो. समितीतल्या कुणाला तो ‘नैसर्गिक’ म्हणून आवडला असेल तर एक गोळा प्रयोगशाळेत पाठवा आणि त्यात किती स्फुरद आहे ते आधी काढा.

लँथनमच्या मातीचा प्रस्ताव मात्र नीट वाचण्याजोगा आहे. बेंटोनाइट मातीत सुमारे ५ टक्के लँथनम भरलेलं असतं. हे तंत्र ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात विकसित झालं. लँथनमचा एक अणू फॉस्फेटच्या एका रेणूला घट्ट बांधतो, आणि लोहासारखं ते प्राणवायू संपल्यावर सोडत नाही. एक किलो स्फुरद बांधायला साधारण १०० किलो माती लागते. तुमच्या उदाहरणात पाण्यातले ४०० आणि गाळातून सुटणारे ३०० धरले तरी ७० टन होतात. आणि इथेच प्रस्तावात खाच असते. गाळातून एका उन्हाळ्यात सुटतं तेवढंच स्फुरद धरायचं नाही. वरच्या पाच-दहा सेंटिमीटर गाळात सुटण्याजोगं किती साठलंय ते काढायचं असतं. तो आकडा कित्येक पट मोठा निघू शकतो. गाळाचे नळीने काढलेले गाभे तपासल्याशिवाय दिलेली मात्रा म्हणजे अंदाजपंचे. पाण्यात ह्युमिक द्रव्यं जास्त असतील, म्हणजे पाणी चहासारखं तपकिरी असेल, तर लँथनम आधी त्यांना चिकटतं आणि परिणाम मंदावतो. मऊ, कमी क्षारांच्या पाण्यात सुटं लँथनम जास्त काळ राहू शकतं, म्हणून पाण्याची कठीणता आधी मोजा.

यासोबत साध्या तुरटीची तुलना मागवाच. तुरटी जुनी म्हणून तिला कुणी ‘नवतंत्रज्ञान’ म्हणत नाही, पण काम तेच करते आणि बहुधा स्वस्तात. अट सामूची, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कपणाची (पीएच). पाण्याचा सामू ६ ते ९ या पट्ट्यात राहिला पाहिजे. तो ६च्या खाली घसरला की विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांना मारतं, म्हणून मऊ पाण्यात तिच्यासोबत सोडियम ॲल्युमिनेटसारखं काही द्यावं लागतं. सिॲटलमधल्या ग्रीन लेकमध्ये १९९१, २००४ आणि २०१६ साली तुरटीचा मारा झाला. दोन माऱ्यांमधलं बारा-तेरा वर्षांचं अंतर बघा. याच्या जवळपासचा काळ धरून खर्च काढायला हवा, ‘कायमचा उपाय’ म्हणून नाही. आणि बाहेरून वर्षाला १,२०० किलो येतच राहणार असेल तर माती असो की तुरटी, दोन-तीन वर्षांत नवा गाळ तिच्यावर थर चढवतो. आवक आटोक्यात आणल्याशिवाय तळ बांधणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

तुमच्या यादीत नसलेली एक गोष्ट सुचवतो: आणीबाणीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. २००९ साली नेदरलँड्समधल्या कुट्सहाउस नावाच्या छोट्या तलावात लिटरमागे अवघं २ मिलिग्रॅम पेरॉक्साइड सर्वत्र सारखं मिसळलं. निळं-हिरवं शेवाळ काही दिवसांत ९९ टक्के खाली आलं, आणि सात आठवडे कमीच राहिलं. त्या मात्रेला हिरवं शेवाळ, डायटमसारखं इतर सूक्ष्म शेवाळ आणि बहुतेक जीव बऱ्यापैकी तग धरतात, कारण पेरॉक्साइडशी लढण्याची त्यांची पेशींतली तयारी निळ्या-हिरव्या शेवाळापेक्षा (ते खरं तर जिवाणूच असतात) चांगली असते. दोन-तीन दिवसांत पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायूत विघटन होतं. याने स्फुरद एक ग्रॅमही कमी होत नाही, आणि मात्रा चुकली तर डॅफ्नियाही मरतात. पण वेळ मारून न्यायला हे मोरचुदापेक्षा (कॉपर सल्फेटपेक्षा) कितीतरी बरं.

मोरचुदाचं नाव निघालंय तर एक घटना सांगायलाच हवी. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर धरणाच्या पाण्याला वास येतो म्हणून मोरचुदाची मात्रा दिली गेली. शेवाळ मेलं, पेशी फुटल्या आणि आतलं विष पाण्यात उतरलं. १४८ लोक आजारी पडून रुग्णालयात गेले, त्यांत बहुसंख्य मुलं. त्या विषाला पुढे सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन हे नाव मिळालं. शेवाळ मारणाऱ्या कुठल्याही पद्धतीला मी म्हणूनच विचारतो, ‘पेशीतलं विष कुठे जाणार?’ पाण्याचा हिरवेपणा कमी झाला आणि विरघळलेलं विष वाढलं, तर पिण्याच्या पाण्यापुरतं तुम्ही नुकसान करून घेतलंत.

हवेचे बुडबुडे सोडून पाणी घुसळण्याबद्दलही कुणी विचारेल. ॲमस्टरडॅमजवळच्या नीव मेर या ३० मीटरपर्यंत खोल तलावात ते १९९०च्या दशकात यशस्वी झालं, कारण तिथे मायक्रोसिस्टिसला प्रकाशापासून दूर खोल ओढता येत होतं. चार मीटरच्या तुमच्या तलावात शेवाळाला अंधारात न्यायला खोलीच नाही.

प्रात्यक्षिकाबद्दल. सहा आठवड्यांचं, एका कोपऱ्यातलं, तुलनेला काहीही नसलेलं प्रात्यक्षिक स्वीकारू नका. शेवाळाचा बहर आपल्या मर्जीनेही ओसरतो. वारा, ढग, थंड पाऊस, विषाणू, नत्र संपणं, कारणं अनेक. काही वर्षांपूर्वी एका जलाशयावर एका कंपनीचं असंच प्रात्यक्षिक मी पाहत होतो. आम्ही काठालगत प्लास्टिकच्या जाड पडद्यांनी सहा चौकोन वेगळे केले होते, वर तरंगती चौकट, खाली तळाच्या गाळात रुतवलेली कडा. तीन चौकोनांत कंपनीचं उपकरण, तीन तसेच मोकळे. पहिले बारा दिवस सहाही चौकोनांत हिरवी साय, पडद्यावर बोट फिरवलं तर रंगाचा पट्टा उठावा अशी. मग दोन दिवस भरून आलं, जोराचा वारा सुटला. पंधराव्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस आपल्या चौकोनात वाकून बघत मला बोलवू लागला. पाण्यात हात घातला तर बोटं दिसत होती. मी काही न बोलता त्याला शेजारच्या मोकळ्या चौकोनापाशी नेलं. तिथेही दिसत होती. तो माणूस प्रामाणिक होता, त्याचा आपल्या उपकरणावर खरोखर विश्वास होता, आणि मोकळे चौकोन नसते तर माझाही बसला असता. त्या दिवसापासून तुलनेची जागा नसलेल्या चाचणीच्या अहवालावर मी सही करत नाही.

तेव्हा चौकोन करा, किमान तीन उपायाचे आणि तीन विनाउपायाचे. कुठल्यात काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, कंपनीच्या पसंतीने नाही. उपाय सुरू करण्याआधीही काही आठवडे मोजा. पुढे पूर्ण तलावावर गेलात तर जवळचा तसाच दुसरा तलाव सोबत मोजत राहा, आणि आधीची किमान दोन उन्हाळ्यांची मोजणी हाती असू द्या. चौकोनांची मर्यादाही लक्षात असू द्या. आत लाटा नसतात, पडद्यांवर शेवाळ वाढतं, मासे नसतात. तिथे जे अपयशी ठरलं ते तलावात यशस्वी होण्याची आशा कमी, पण तिथलं यश ही केवळ पुढच्या टप्प्याची परवानगी समजा.

नमुना कधी आणि कुठून घेतला यावर निकाल उलटू शकतो. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशीत वायूच्या पिशव्या असतात. वारा पडलेल्या रात्रीनंतर पहाटे ते सगळं वर येऊन साय धरतं, आणि दुपारी वारा सुटला की पाण्यात मिसळतं. ‘आधीचा’ नमुना पहाटे पाचला काठावरच्या सायीतून आणि ‘नंतरचा’ दुपारी तीनला बोटीतून घेतला तर कुठलंही यंत्र यशस्वी दिसेल. फोटोंचंही तसंच. ठरलेली ठिकाणं, ठरलेली वेळ आणि वरपासून तळापर्यंत पाण्याचा पूर्ण स्तंभ उचलणारी नळी. पेशींच्या संख्येऐवजी त्यांचं घनफळ मोजायला सांगा, कारण चिमुकल्या पेशींनी संख्या फुगते. आणि विष दोन आकड्यांत मागा. नमुना गोठवून-वितळवून पेशी फोडल्यावर मिळणारं एकूण विष, आणि गाळलेल्या पाण्यातलं विरघळलेलं विष. दर आठवड्याला एलायझा ही प्रतिपिंडांवर आधारलेली झटपट चाचणी पुरे, पण निकाल सीमारेषेवर आला की वस्तुमान वर्णपटमापीवर (मास स्पेक्ट्रोमीटरवर) खात्री करून घ्या.

नमुने घेणारी माणसं आणि प्रयोगशाळा तुमची असावी, विकणाऱ्याची नसावी. हे बोलायला अवघड जातं, पण करारात लिहिलं की कुणी दुखावत नाही. करारात आणखी दोन कलमं घालावीत असं मला वाटतं. पैसे काढलेल्या किलोंवर, आणि ते किलो स्वतंत्र मोजणीने ठरणारे. आणि नकोसा निकाल आला तरी अहवाल जाहीर होईल. बाजारात यशाच्या कथा भरपूर आणि अपयशाच्या जवळपास शून्य दिसतात, कारण त्या दाबल्या जातात, आणि मग तुमच्यासारख्या दुसऱ्या समितीला तेच पुन्हा विकलं जातं. याचा मला मनापासून राग येतो.

आवक कमी करण्याच्या तंत्रांवर मी थोडक्यात आटोपतो, ती महत्त्वाची नाहीत म्हणून नव्हे, तर तुमच्याकडे त्यांचा प्रस्तावच आलेला नाही म्हणून. लाकडाच्या चिपा भरलेल्या चरांतून शेताचं निचऱ्याचं पाणी नेलं की जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करतात. त्याने स्फुरद मात्र अडत नाही, आणि पहिले काही महिने चिपांतून तपकिरी पाणी निघतं. विरघळलेल्या स्फुरदासाठी वाळूत लोखंडाचा कीस मिसळलेले फिल्टर चांगले, पण त्यांची पकडण्याची ताकद संपते, त्या दिवसाचं नियोजन हवं. पाणथळ जागा तयार करणं सर्वांत टिकाऊ, पण जागा अफाट लागते. फ्लोरिडात एव्हरग्लेड्सकडे जाणारं पाणी स्वच्छ करायला सुमारे २३ हजार हेक्टर पाणथळ उभी करावी लागली. जुन्या शेतजमिनीवर पाणी सोडलं तर सुरुवातीला तिच्यातूनच स्फुरद बाहेर पडू शकतं, तेव्हा आधी माती तपासा.

धीर मात्र हवा. सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी पूर्ण वळवलं गेलं. त्याआधी पाण्याची पारदर्शकता मोजायला सोडलेली पांढरी तबकडी एक मीटर खालीही दिसत नव्हती, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती सहा मीटरांवर दिसू लागली. ते खोल सरोवर होतं, तळाशी प्राणवायू टिकून होता, म्हणून लवकर सुधारलं. जगभरातल्या ३५ तलावांच्या दीर्घ नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या तेव्हा आवक घटवल्यावर स्फुरदाची नवी पातळी स्थिरावायला बहुधा १० ते १५ वर्षं लागल्याचं दिसलं, कारण गाळ जुनी शिल्लक हळूहळू परत करत राहतो. हे मतदारांना आणि वरिष्ठांना पहिल्याच दिवशी सांगा. तिसऱ्या वर्षी सांगितलंत तर ती सबब वाटेल.

आणि येता उन्हाळा. त्याला वरच्या कशाचीच मदत होणार नाही, म्हणून पाण्याच्या केंद्रावर लक्ष द्या. कच्चं पाणी उचलण्याची खोली बदलता येत असेल तर सायीच्या खालून पण प्राणवायू संपलेल्या थराच्या वरून उचला. बहर असताना केंद्रात सुरुवातीलाच क्लोरिन देणं थांबवा, त्याने पेशी फुटतात. आधी पेशी अखंड असताना तुरटीने बसवून आणि गाळून काढा, टाक्यांच्या तळाचा गाळ नेहमीपेक्षा वारंवार उपसा, फिल्टर धुतलेलं पाणी पुन्हा आत घेऊ नका. विरघळलेल्या विषासाठी सक्रिय कार्बनची भुकटी आतापासून साठवा, कारण बहर आल्यावर मागवली तर सगळेच मागवत असतात. क्लोरिन शेवटी द्या. सामू ८च्या खाली आणि संपर्काला पुरेसा वेळ असेल तर ते मायक्रोसिस्टिन मोडतं. ॲनाटॉक्सिन या शेवाळाच्या दुसऱ्या विषावर मात्र त्याचा भरवसा धरू नका.

जागतिक आरोग्य संघटनेची मायक्रोसिस्टिन-एलआरसाठीची (मायक्रोसिस्टिनचा एक प्रकार) मूल्यं भिंतीवर लावून ठेवा: पिण्याच्या पाण्यात कायमस्वरूपी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, थोड्या दिवसांपुरतं १२, आणि पोहण्या-नौकाविहाराच्या पाण्यात २४. मर्यादा ओलांडली तर लोकांना ‘पाणी उकळून प्या’ असं चुकूनही सांगू नका. उकळल्याने हे विष मोडत नाही, पाणी आटून ते दाटतंच. आणि पाणीपुरवठ्याच्या हद्दीत डायलिसिस केंद्र असेल तर त्यांना सर्वांत आधी फोन करण्याचा नियम आजच लिहून काढा. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात मायक्रोसिस्टिन असलेलं पाणी डायलिसिससाठी वापरलं गेलं आणि ५०हून अधिक रुग्ण दगावले. तो फोन कुणी करायचा, त्या माणसाचं नाव आणि तो रजेवर असताना दुसरं कोण, हेही त्या कागदावर असू द्या.